डी मॉइनचे तीन दिवस

अझैबा, मस्कत
३ ऑगस्ट २०२५

साकिब,

सलाम. पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे उघडलं असशील, तर एवढं कर, शेवटपर्यंत वाच.

माझ्याकडच्या तुझ्या जुन्या नंबरवर फोन लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझा फोटोही मला दिसत नाही. त्याचा अर्थ काय, ते माझ्या लेकीने, मेहनाजने समजावून सांगितलं. म्हणून पत्र. पत्ता खतिजाने दिला. तिच्यावर रागावू नकोस, बहीण बिचारी दोघांच्या मध्ये अडकली आहे आणि मी महिनाभर तिच्या मागे लागलो होतो. उर्दू आपल्या दोघांनाही धड लिहिता आली नाही, तेव्हा हर्णैच्या शाळेत शिकलो त्याच अक्षरांत लिहितो.

कारण सांगतो. माझं इथलं संपत आलं. तेहतीस वर्षं झाली या कंपनीत. कंपनीचा मालक अजून अर्बाबच, पण तो आता घरीच असतो, त्याचा मुलगा सगळं बघतो. त्याने मागच्या महिन्यात बोलावून सांगितलं, "जहूरभाई, त्रेसष्ट झाले, आता आराम करा." चांगल्या शब्दांत सांगितलं, तक्रार नाही. ३० नोव्हेंबरला माझा व्हिसा संपतो. मग खलास, कायमचं हर्णै. तुझी भाभी जमिला तिकडे घर रंगवून घेते आहे.

खरं सांगू, मला आनंदही झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही. फक्त बसावंसं वाटलं. हल्ली कुठेही खुर्ची दिसली की बसावंसं वाटतं.

जायच्या आधी एकदा तुझ्याकडे यायचं मनात आहे. डी मॉइनला. नाव कसं उच्चारायचं ते मेहनाजने तीनदा म्हणून दाखवलं. आयोवा नावाच्या राज्याची ती राजधानी, तिथल्या इस्पितळात तू इलेक्ट्रिकची कामं बघतोस, एवढंच मला माहीत. तुझी उजमा आता चौदा वर्षांची असेल. मी तिला पाहिलेलं नाही. अंबरीनलाही नाही, तुझ्या लग्नाला मला बोलावणं नव्हतं.

जुनं उगाळत नाही, पण एकदा लिहायला हवं. २००९ साली अम्मा आजारी पडली तेव्हा तू सूरच्या साइटवर होतास. सोमवारी कंपनीच्या पिकअपमधून दोनशे किलोमीटर येऊन माझ्यासमोर ऑफिसात उभा राहिलास. मी काय सांगितलं होतं? पासपोर्ट अर्बाबच्या तिजोरीत आहे, अर्बाब दूर सलालाला गेलाय, गुरुवारी येईल. तो गुरुवारी आला. अम्मा बुधवारी सकाळी गेली. माझ्या हातात असतं तर सोमवारीच तुला विमानात बसवलं असतं. तेव्हाही हेच सांगितलं, आजही हेच सांगतो. सोळा वर्षं म्हणजे फार झाली, साकिब.

येऊ का, एवढं कळव. मेहनाजचा नंबर मागे लिहिलाय.

तुझा भाई,
जहूर


अझैबा
२७ ऑगस्ट २०२५

साकिब,

उत्तर आलं नाही. टपालाला वीस-पंचवीस दिवस लागतात म्हणे, म्हणून मनाला लावून घेतलं नाही. तोवर तयारी सुरू केली आहे.

शुक्रवारी मेहनाजच्या घरी अल खुवैरला गेलो होतो. बाहेर पंचेचाळीस डिग्री. गाडी लावून तिच्या दारापर्यंत चालताना दोनदा थांबलो. ती लॅपटॉप घेऊन बसली आणि व्हिसाचा फॉर्म भरायला लागली. केवढा लांबलचक फॉर्म! आजवर मी कुठे कुठे गेलो, कधी कुठल्या गुन्ह्यात सापडलो होतो का, सगळं.

"अब्बा, अमेरिकेत सख्खा भाऊ आहे, हो लिहू ना?"

"लिही की."

"चाचांचा फोन नंबर?"

"तो नंतर भरू."

"नंतर कसा? इथे भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडे चालू नंबर नाहीच आहे ना?"

मी पाणी प्यायला उठलो. परत आलो तोवर तिने खतिजाला फोन करून नंबर घेतला होता. मला तो दाखवला नाही, मीही मागितला नाही. मेहनाजला एवढंच ठाऊक आहे की अम्माच्या वेळी तुला जायला उशीर झाला आणि तू माझ्यावर रागावलास. मुलांना किती सांगायचं?

फॉर्म संपल्यावर तिने तुझं शहर काढलं. एका पानावर लिहिलं होतं, डी मॉइन तीन दिवसांत कसं पाहावं. मी म्हटलं, वाच. ती इंग्रजीत वाचते, मग मराठीत सांगते, मध्येच अडते, "अब्बा, डोमला काय म्हणतात?" मी म्हटलं, घुमट. टेकडीवर सरकारी इमारत आहे, तिचा घुमट सोन्याच्या वर्खाचा. आत जिना आहे, वर चढता येतं. माझे गुडघे बघता मी खालूनच बघेन. शनिवारी सकाळी गावात शेतकऱ्यांचा बाजार भरतो, पण तो ऑक्टोबरपर्यंतच. आणि थंडीत लोक इमारतींच्या मधून काचेच्या पुलांवरून चालतात म्हणे, रस्त्यावर पायच ठेवत नाहीत. आम्ही इथे उन्हाळ्यात तेच करतो, मॉलमध्ये जाऊन फेऱ्या मारतो.

मेहनाजने वहीत लिहूनही दिलं. पहिला दिवस घुमट. दुसरा दिवस बाजार आणि नदीकाठ. तिसऱ्या दिवसापाशी येऊन ती थांबली.

"तिसऱ्या दिवशी काय?"

"ठेव रिकामा," मी म्हटलं. "साकिब ठरवेल."

तारखा अशा धरल्या आहेत. १६ ऑक्टोबरला निघायचं, दोहा, मग शिकागो, तिथून लहान विमान. १८ चा शनिवार बाजाराला मिळेल. तुझ्या घरी उतरेन असं मी गृहीत धरलेलं नाही. फॉर्मवर हॉटेलचा पत्ता टाकलाय.

जाड कोट लागेल का, तेवढं तरी सांग. इथे मिळणारे कोट शोभेचे असतात.

जहूर


अझैबा
१६ सप्टेंबर २०२५

साकिब,

आज थोडंच लिहितो.

मुलाखतीला कंपनीचं पत्र लागतं. ते अर्बाबच्या मुलाने दिलं, पण म्हणाला, वडिलांना भेटून जा, तुमची आठवण काढतात. म्हणून काल सीबला अर्बाबच्या घरी गेलो. नव्वदीला आलाय. डोळ्यांनी नीट दिसत नाही, पण आवाजावरून ओळखलं. कहवा झाला, खजूर झाले. कुठे निघालास, म्हणाला. मी सांगितलं, अमेरिका, धाकट्या भावाकडे. तर लगेच म्हणाला, "साकिब? ज्याची आई वारली तो?"

बरंच बोलला तुझ्याविषयी. म्हाताऱ्या माणसाला कधी जुनं लख्ख आठवतं, कधी काहीतरी भलतंच. मी ऐकून घेतलं.

एक विचारायचं होतं. त्या गुरुवारी मी तुला पासपोर्ट दिल्यावर तू टॅक्सीने सरळ विमानतळावरच गेला होतास ना? की वाटेत कुठे थांबला होतास?

सहज विचारतोय. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल.

५ ऑक्टोबरला वकिलातीत मुलाखत आहे. सकाळची वेळ मिळाली आहे. मेहनाज म्हणते तुझं निमंत्रणाचं पत्र असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, टपालात असेल.

जहूर


अझैबा
६ ऑक्टोबर २०२५

साकिब,

व्हिसा मिळाला नाही.

काल सकाळी सातला मेहनाजने मला वकिलातीच्या बाहेर सोडलं. इस्त्रीचा शर्ट, फाइलमध्ये सगळे कागद क्रमाने लावलेले; हर्णैच्या घराचा उतारा, कंपनीचं पत्र, तेहतीस वर्षांची रेसिडेंट कार्डं. आत गेल्यावर फोन काढून घेतात. बाकड्यांवर सगळे मांडीवर फाइली घेऊन बसलेले. माझ्या शेजारी एक केरळी बाई होती, लेकीच्या बाळंतपणाला चाललेली. सारखी तसबीहचे मणी मोजल्यासारखी बोटं मोजत होती.

माझा नंबर आला. काचेपलीकडे एक मुलगी, मेहनाजपेक्षाही लहान असेल. आवाज गोड होता.

"कोणाला भेटायला जाताय?"

"भावाला."

"त्यांना शेवटचं कधी भेटलात?"

"दोन हजार नऊ."

तिने स्क्रीनवरून वर पाहिलं. "आणि बोललात शेवटचं कधी?"

साकिब, मी घरून ठरवून गेलो होतो की परवाच फोन झाला म्हणून सांगायचं. मेहनाजनेही तेच सुचवलं होतं. पण ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली आणि माझ्याने झालं नाही. मी म्हटलं, "तेव्हाच. दोन हजार नऊलाच."

"तुम्ही येताय हे त्यांना माहीत आहे?"

"तीन पत्रं लिहिली. उत्तर नाही आलं."

"का?"

"आई वारली तेव्हाची गोष्ट आहे."

तिने ते स्क्रीनवर टिपून घेतलं. मग इथली नोकरी कधीपर्यंत, पुढे काय करणार, घरी कोण असतं, असं विचारलं. मी खरं ते सांगितलं. तिने एक छापील कागद काचेखालून सरकवला. म्हणाली, "सॉरी, सर. या वेळी देता येणार नाही. पुन्हा अर्ज करू शकता." तिचंही काही चुकलं नाही. जिथे कोणी बोलावलेलं नाही तिथे निघालेला, नोकरी संपलेला माणूस. मी तिच्या जागी असतो तर मीही दिला नसता.

बाहेर आलो तर मेहनाज गाडीतून उतरून धावत आली. माझा चेहरा बघून तिने हातातली फाइल काढून घेतली. गाडीत बसल्यावर म्हणाली, "अब्बा, नोव्हेंबरात परत टाकू अर्ज." मी म्हटलं, नको गं. बस झालं.

तिने समुद्राच्या बाजूने गाडी घेतली. मी खिडकीतून बघत होतो आणि मला चक्क बरं वाटत होतं. कसलं बरं वाटतंय ते घरी येऊन कळलं. ते वेगळ्या पत्रात लिहितो. आत्ता हात चालत नाही.

जहूर


अझैबा
१२ ऑक्टोबर २०२५

साकिब,

सहा दिवस हे पत्र मनात लिहीत होतो. आज सुट्टी टाकून बसलोय.

पासपोर्ट माझ्याकडे होता.

अर्बाबच्या तिजोरीत नव्हता, अर्बाब सलालालाही नव्हता. तो सीबला आपल्या घरी होता, फोनवर मिळत होता. पासपोर्ट माझ्याच ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. किल्ली माझ्या खिशात. तू सोमवारी सकाळी येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिलास तेव्हा कपाट तुझ्या पाठीमागे चार फुटांवर होतं.

हे तुला माहीत आहे, हे मला महिन्यापूर्वी कळलं. अर्बाबने सांगितलं. म्हणाला, "तुझा भाऊ त्या दिवशी विमानतळावर जाताना माझ्याकडे आला होता, सलाम करायला. मी त्याला म्हटलं, बेटा, सोमवारीच का नाही आलास? मी इथेच होतो. कामगारांचे पासपोर्ट तर जहूरकडेच असतात, मी एका शब्दात सोडला असता." आणि मला विचारलं, "तू त्याला माझ्याकडे का नाही पाठवलंस, जहूर?" मी कहवा संपवला आणि उठलो.

म्हणजे सोळा वर्षं तुला माहीत होतं. मी खतिजाजवळ, जमिलाजवळ, गावात दहा लोकांजवळ सलाला सांगत राहिलो, आणि ऑगस्टात तुला स्वतःच्या हाताने तेच पुन्हा लिहून पाठवलं. ते वाचताना तुला काय वाटलं असेल, याचा विचार करवत नाही.

अर्बाबकडून आल्यावरही मी लगेच कबूल केलं नाही. उलट तुलाच आडून विचारलं, वाटेत थांबला होतास का म्हणून. व्हिसा मिळेपर्यंत गप्प बसू, एकदा समोरासमोर बसलो की बघू, असा हिशेब होता. व्हिसा नाकारला तेव्हा बरं वाटलं ते याचंच. आता तू मला तुझ्या दारातून परत पाठवशील ही भीती उरली नाही. दारच राहिलं नाही.

आता का केलं ते.

साइटवर त्या आठवड्यात तपासणी होती, तुझ्यासारखा इलेक्ट्रिशियन सोडला तर काम अडलं असतं, इंजिनीअर ओरडला असता, मेहनाज दहावीला होती, माझी नोकरी गेली असती. हे सगळं खरं आहे. पण ही कारणं मी नंतर गोळा केली. त्या सोमवारी माझ्या मनात यातलं एकही नव्हतं.

आदल्या दिवशी, रविवारी दुपारी अम्माचा फोन आला होता. ती स्वतः बोलली. खतिजा आत स्वयंपाकघरात होती, तिला माहीत नाही. आवाज अगदी बारीक झाला होता. मी म्हटलं, अम्मा, कशी आहेस? तर म्हणाली, "तुला काम हाय, तू नको येव. साक्याला धाड. मना साक्याला बघायचा हाय."

एवढंच. मग फोन हातातून खाली ठेवला असावा, कोंबड्यांचे आवाज येत राहिले.

मी अठरा वर्षांचा असताना अब्बांच्या होडीवर गेलो. तीस वर्षांचा असताना इथे आलो. घराचं छप्पर, खतिजाचं लग्न, तुझं आयटीआय, सगळं माझ्या अंगावरून गेलं. कोणावर उपकार म्हणून सांगत नाही. पण शेवटी आईला बघायचा होता तो तू. मला 'नको येव'. साकिब, मी सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस त्या ऑफिसात बसून लहान पोरासारखा रुसलो. दुसऱ्या दिवशी तू आलास, कपाळावर घाम, अंगावर साइटवरच्या कामाची डांगरी, आणि म्हणालास, "भाई, अम्माला बरं नाही, मला आजच जायचंय." माझ्या तोंडून निघून गेलं, "पासपोर्ट अर्बाबकडे आहे." निघून गेलं म्हणतो, पण मीच बोललो. वाटलं, दोन दिवस थांबू दे याला. गुरुवारी जाईल. अम्मा काही लगेच जात नाही. आणि बुधवारी ती गेल्यावरही, खोटं उघडं पडू नये म्हणून मी पासपोर्ट गुरुवारीच काढला.

तू बाहेरच्या बाकावर बसून राहिलास. सोमवार, मंगळवार. मी दोनदा तुला चहा पाठवला. मंगळवारी संध्याकाळी माझा हात खिशातल्या किल्लीवर होता, उठलोही होतो. तेवढ्यात तू आत डोकावून म्हणालास, "भाई, अम्माने काही निरोप दिलाय का?" आणि मी म्हटलं, "नाही. ती शुद्धीवर नसते म्हणे."

हे तुला माहीत नाही. हे अर्बाबलाही माहीत नाही. पासपोर्टचं एक वेळ सोड. तिने तुझं नाव घेतलं होतं, हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही आणि नंतरही कधी सांगितलं नाही. सोळा वर्षं तू समजत असशील की ती काही न बोलता गेली. ती तुझं नाव घेऊन गेली.

माफी माग असं मी स्वतःला सांगून पाहिलं. ते लिहायला घेतलं की सगळं खोटं वाटायला लागतं, म्हणून लिहीत नाही. २९ नोव्हेंबरचं मुंबईचं तिकीट काढलंय. त्यानंतर हर्णैच्या पत्त्यावर असेन. उत्तराची अपेक्षा नाही. खरंच नाही. थकलो आहे रे.

जहूर


डी मॉइन
८ नोव्हेंबर २०२५

भाई,

हे हाताने लिहितोय. उजमा फोटो काढून मेहनाजच्या फोनवर पाठवेल. टपालाने पोचेपर्यंत तू तिथून गेलेला असशील. माझं मराठी लिहिणं सुटलंय, चुका सोडून दे.

पाचही पत्रं मिळाली. पहिलं उघडलं, सलाला वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. पुढची तीन उघडलीच नाहीत. पाचवं जाड होतं. अंबरीन म्हणाली, एवढं जाड आहे म्हणजे काहीतरी वेगळं असेल. मी ते इस्पितळात नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत खाली विजेच्या पॅनेलच्या खोलीत बसून वाचलं. मग घरी येऊन आधीची तीन वाचली.

व्हिसा मिळाला असता तर तू हे लिहिलं नसतंस. ते तूच कबूल केलंस, बरं केलंस. नाहीतर तू इथे येऊन माझ्या सोफ्यावर बसून सलाला सांगितलं असतंस, मी ऐकून घेतलं असतं, तुला घुमट दाखवून आणला असता आणि परत पाठवलं असतं. ते फार वाईट झालं असतं.

माफ केलं असं मी लिहीत नाही. अंबरीन म्हणते, लिहून टाक, हलका होशील. मला जमत नाही. त्या गुरुवारी अर्बाबच्या दारातून निघालो तेव्हा टॅक्सी वळवून तुझ्या ऑफिसात येणार होतो. काय केलं असतं ठाऊक नाही. विमान चुकेल म्हणून आलो नाही. विमान पकडून तरी काय मिळालं? कबरीवरची ओली माती.

आता अम्माचं सांगतो. तू ते सोळा वर्षं चुकीचं ऐकत आलास.

अब्बा वारले तेव्हा तू आठ दिवसांसाठी गावी आलास आणि परत गेल्यावर तुझी नोकरी जाता जाता वाचली. आठवतंय? तेव्हा तू हे फक्त पत्रात लिहिलं होतंस, एका ओळीत. अम्माने ती ओळ माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतली. त्या दिवसापासून तिने आम्हाला सक्त सांगून ठेवलं होतं, जहूरला काही कळवायचं नाही. ताप आला तरी नाही, पडली तरी नाही. म्हणायची, त्याला कळलं तर तो सगळं टाकून येईल, आणि मग त्याची पोरगी, त्याचं घर, काय होईल? तुझा फोन आला की ती आधी उठून बसायची, घसा साफ करायची आणि मग बोलायची. तुला आवाज ठणठणीत वाटावा म्हणून. मी समोर बसून बघितलंय.

मला ती बोलवू शकत होती. माझं लग्न नव्हतं, पोरं नव्हती, नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. मी रिकामा होतो, म्हणून माझं नाव घेतलं. तुला 'नको येव' म्हणाली ती तुझी काळजी होती, भाई. तुला तेवढंही कळू नये? तू तिचा थोरला.

आणि मी तर सोळा वर्षं समजत होतो की शुद्धीवर असती तर तिने तुझंच नाव घेतलं असतं. घरात उठता-बसता तुझंच नाव असायचं. मी हे वाचलं तेव्हा माझ्या हाताखालचा माणूस विचारायला आला, काय झालं. मी त्याला म्हटलं, माझ्या आईचा निरोप आला.

रागही आला. तो अजून आहे. हा निरोप तू तेव्हा दिला असतास तर कबरीपाशी मी वेगळा माणूस म्हणून उभा राहिलो असतो.

आता ऐक. मी येतोय. २३ नोव्हेंबरला मस्कतला पोचतो. इथे त्या आठवड्यात सुट्टी असते, वर थोडी रजा टाकली. उजमा बरोबर आहे, अंबरीनला ड्यूटी आहे. आमच्या अमेरिकन पासपोर्टला तिथे चौदा दिवस व्हिसा लागत नाही, ते उजमाने बघून ठेवलं. तू विमानतळावर येऊ नकोस. मेहनाजला पाठव. मी तिला शेवटची बघितली तेव्हा ती दहावीची पुस्तकं घेऊन फिरत होती. पहिले दोन दिवस आम्ही तिच्याकडे राहू. तुझ्याकडे कधी यायचं ते मी ठरवेन, घाई करू नकोस.

उजमाला मी तुझं फार काही सांगितलेलं नाही. पाचवं पत्र मी वाचत होतो तेव्हा तिने विचारलं, कुणाचं आहे? मी म्हटलं, माझ्या भावाचं. म्हणाली, "तुम्हाला भाऊ आहे?" एवढं माझंही चुकलं. ती मराठी हळूहळू बोलते, शब्द शोधते. तुला बडेअब्बा म्हणायचं हे तिला शिकवून ठेवलंय. ती बोलत असताना तिचं वाक्य तू पुरं करू नकोस, तिला राग येतो.

२९ तारखेच्या तुझ्याच विमानाची दोन तिकिटं आम्ही काढली आहेत. शेजारची जागा मागितलेली नाही. हर्णैला गेल्यावर सामान ठेवून आधी कबरस्तानात जाऊ. मागच्या वेळी तिथे मी एकटा उभा होतो आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. या वेळी तू पुढे हो. ती रविवारी दुपारी काय म्हणाली ते तिच्यासमोर मला सांग, तिच्याच शब्दांत, मोठ्याने.

त्यानंतर मी तुझ्याशी बोलेन की नाही, मला आज खरंच माहीत नाही. पण तू ते सांगत असताना मी तिथे असेन.

साकिब